पाव तोळ्याचं पत्र आणि भिवंडीहून मऊ

1 ऑक्टोबर ही तारीख टपालाच्या इतिहासात दोनदा येते. 1854 साली आणि आता 2025 साली. दोन्ही वेळा पत्राचे दर बदलले, पण दिशा उलट.

1854 च्या आधी पत्राचं वजन करायचे आणि अंतरही मोजायचे. कलकत्त्याहून मुंबईला तोळाभर पत्र धाडायला एक रुपया पडायचा. म्हणजे ज्याचं घर जितकं लांब, त्याला तितका भुर्दंड. डलहौसीच्या काळात नवा कायदा झाला आणि 1 ऑक्टोबर 1854 पासून पत्रासाठी अंतराचा हिशोबच संपला. पाव तोळ्यापर्यंत अर्धा आणा, अर्ध्या तोळ्याला एक आणा, तोळ्याला दोन आणे. मग पत्र कल्याणला जावो नाहीतर कलकत्त्याला. इंग्लंडात रोलंड हिलने 1840 ला हेच केलं होतं.

तोळा म्हणजे तेव्हाच्या चांदीच्या रुपयाचं वजन, 180 ग्रेन. पावलीचं वजन बरोब्बर पाव तोळा. त्यामुळे सोनाराचा काटा आणि एक पावली असली की घरबसल्या कळायचं, अर्ध्या आण्यात भागेल की नाही. तिकीट न लावता टाकलं तर बेरिंग, घेणाऱ्याच्या खिशातून दुप्पट. आणि पाव तोळा म्हणजे किती? जेमतेम 2.9 ग्रॅम! आजचा साधा ए-फोर कागद एकटाच 5 ग्रॅम भरतो. 1869 मध्ये अर्ध्या आण्याची मर्यादा अर्ध्या तोळ्यावर नेली, तेव्हा कुठे लिहिणाऱ्याला जरा हात सैल सोडता आला.

आपल्या भिवंडीला याचं मोल जास्त कळायला हवं. लूमवरचे कारागीर मऊ, आझमगड, करीमनगरकडचे. गाव शेकडो किलोमीटरवर, तरी पाकिटाला तिकीट तेवढंच, जेवढं ठाण्याला.

साधं पत्र आजही तसंच आहे, 20 ग्रॅमला 5 रुपये, देशात कुठेही. पण जमिनीची नोटीस, मालकाला अर्ज, कोर्टाचे कागद साध्या टपालाने कोण पाठवतो? त्याला रजिस्टर्ड लागायचं, सुमारे 26 रुपयांत, अंतर न बघता. सप्टेंबर 2025 मध्ये रजिस्टर्ड स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं आणि 1 ऑक्टोबरपासून नवे दर आले. 50 ग्रॅमपर्यंत गावातल्या गावात 19 रुपये, बाहेर कुठेही 47. त्यापुढे 250 ग्रॅमपर्यंत पुण्याला 59, मऊला 72. वर जीएसटी, आणि ज्याच्या नावाचं त्याच्याच हातात द्या म्हटलं तर त्याचे वेगळे.

वेग वाढला, ट्रॅकिंग मिळतं, हे मान्य. पण ज्याला घाई नाही, फक्त पुरावा हवाय, त्याला गावाबाहेर पाठवायला स्वस्त रस्ता उरला नाही. आणि 171 वर्षांपूर्वी काढून टाकलेलं अंतर परत पावतीवर आलं. माझ्या मते याचा भार लांबच्या गावच्या माणसावरच जास्त पडतो, आणि भिवंडीत अशी माणसं थोडीथोडकी नाहीत.

तोवर एवढं करा. पाकीट चिकटवायच्या आधी किराणावाल्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवून बघा. आठ कागद आणि हलकं पाकीट 50 ग्रॅमच्या आत बसतं. कागद जास्त असतील तर झेरॉक्स दोन्ही बाजूंनी काढा.