परसातलं गवत आणि बाजारातला चहा

चहात गवती चहाची पात टाकायची रीत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, असं सर्रास बोललं जातं. पण चहाच घरोघरी पोचायला विसावं शतक उजाडावं लागलं. 1903 साली सरकारनं चहाच्या निर्यातीवर उपकर बसवला आणि त्या पैशातून पुढं देशातल्या देशात चहाचा प्रचार सुरू झाला. रेल्वे स्थानकांवर एनॅमलचे फलक लागले: ताजं पाणी उकळा, माणशी चमचाभर पत्ती किटलीत घाला, मुरू द्या, मग दूध-साखर. त्या कृतीत गवताला जागा नव्हती. मग ते पातेल्यात आलं कुठून? माझ्या मते परसातून, आणि तेही चहाच्या आधीपासून तिथं असलेलं. चहानं गवत घरात आणलं नाही. तापा-पडशाचा काढा ज्या चुलीवर उकळत होता, त्याच चुलीवर बाजारातली पत्ती नंतर येऊन पडली. पाणी, पात आणि आलं एकत्र उकळायची सवय हाताला होतीच, म्हणून फलकावरची किटली बहुतेक घरांत शिरलीच नाही.

याला आधार काय? एक, मुंबईत काम केलेल्या विल्यम डायमॉकनं दोन सहलेखकांसह 1890 ते 1893 या काळात प्रसिद्ध केलेल्या ‘फार्माकोग्राफिया इंडिका’त हे गवत औषधी वनस्पतींमध्ये येतं, प्रचाराचे फलक लागायच्या कितीतरी आधी. दुसरा आधार झाडाचाच. गवती चहाला फुलं क्वचित येतात, बी जवळजवळ धरतच नाही. ठोंब खणायचा, बुडख्यापासून फुटवे सुटे करायचे, पात वीतभर ठेवून छाटायची आणि पावसाच्या तोंडावर लावायचे. बोटं कापणाऱ्या त्या पातीचा प्रत्येक ठोंब कुणीतरी कुणालातरी दिलेला आहे. खानदेशातल्या तिखाडी या सुगंधी गवताचं तसं नाही. ती रानात आपोआप उगवते, तिचं रोशा तेल काढून विकलं गेलं, म्हणून तिची दखल सरकारी गॅझेटियरांनी घेतली. मोरीच्या सांडपाण्यावर, अळू-केळीशेजारी वाढणाऱ्या ठोंबावर ना सारा होता ना दलाली. कागदावर तो कमी दिसतो, यावरून तो नव्हता असं ठरत नाही.

यावर कुणी चरकसंहितेतलं भूस्तृण पुढं करील आणि रीत दोन हजार वर्षांची ठरवील. मला हे पटत नाही. सुगंधी गवतं आपल्याकडे अनेक आहेत आणि भूस्तृण म्हणजे नेमकं हेच, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. शिवाय ग्रंथात नाव असणं वेगळं आणि कोकणातल्या किंवा देशावरच्या घरामागं ठोंब असणं वेगळं. उलट बाजूनं असंही म्हणता येईल की, हलक्या पत्तीची चव झाकायला लोकांनी पात घातली. तेही घडलं असेल, पण चव झाकायला हाताशी पात होती, हे त्यातही गृहीतच आहे.

आता पावसाळ्यात भाजीवाल्याकडे आल्याशेजारी पातींची जुडी मिळते. तिच्यातून रोप होत नाही. त्याला बुडखा लागतो, आणि तो नर्सरीत मिळत असला तरी अजूनही पुष्कळदा शेजाऱ्याकडून मागूनच आणला जातो.