चौकट आणि तिचा पहिला वापरकर्ता

फ्रेमवर्क म्हणजे आज्ञावली लिहिणाऱ्यासाठी आधीच रचून ठेवलेली चौकट, आणि ओपन सोर्स फ्रेमवर्क म्हणजे जिची मूळ संहिता परवान्याच्या अटी पाळून कोणालाही वाचता, वापरता आणि बदलता येते अशी चौकट. ती विनामूल्य असल्यामुळे तिचा प्रसार आपोआप होत असावा, असा समज सहज होतो. परंतु वेबपानांना हालते करणाऱ्या जावास्क्रिप्ट या भाषेच्या साधनांचा गेल्या दोन दशकांचा इतिहास त्याला दुजोरा देत नाही. साधन शिकण्यात जाणारा वेळ आणि त्यावर उभे केलेले काम पुढे उसकटावे लागण्याची भीती ही त्याची खरी किंमत असते, आणि ज्याचे रोजचे काम नेमके त्याच जागी अडलेले आहे तोच ही किंमत सर्वांत आधी मोजतो.

जॉन रेसिग यांनी जानेवारी २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या बारकॅम्प मेळाव्यात मांडलेली जेक्वेरी ही काटेकोर अर्थाने चौकट नव्हे, तर लायब्ररी, म्हणजे हवी तेव्हा हाक मारावी अशा तयार आज्ञांचा संग्रह होती. पानावरील घटक निवडण्यासाठी तिने सीएसएस या सजावटीच्या भाषेतील खुणाच वापरल्या, त्यामुळे ज्यांना सीएसएस येत होते पण जावास्क्रिप्टची धास्ती वाटत होती, अशा पानांची रचना करणाऱ्या मोठ्या वर्गाला ती ओळखीची वाटली. तिच्याआधीची प्रोटोटाइप ही लायब्ररी रूबी ऑन रेल्स या सर्व्हरच्या चौकटीसोबतच वाटली जात असे. २०११ मध्ये रेल्सच्या ३.१ आवृत्तीने हा मान जेक्वेरीला दिला. एका समुदायाच्या वळचणीला राहून दुसरे साधन वाढते, हा क्रम पुढेही दिसतो.

रिअ‍ॅक्टची कथा अधिक उद्बोधक आहे. फेसबुकमधील जॉर्डन वॉक यांनी घडवलेले हे साधन मे २०१३ मध्ये फ्लोरिडातील जेएसकॉन्फ परिषदेत जगापुढे खुले झाले, तेव्हा श्रोत्यांची पहिली प्रतिक्रिया प्रतिकूल होती. पानाची मांडणी आणि त्याचे वर्तन वेगवेगळ्या फाइलींत ठेवावे, हा त्या काळचा मान्य दंडक होता, तर जेएसएक्स या रिअ‍ॅक्टच्या लेखनपद्धतीत पानाची मांडणी सांगणाऱ्या एचटीएमएल भाषेसारख्या खुणा थेट जावास्क्रिप्टच्या ओळींत येत होत्या. फेसबुकच्या आत हे खटकण्याचे कारण नव्हते, कारण तेथे पीएचपी भाषेत एक्सएचपी नावाची अशीच सोय २०१० पासून रुळली होती. बाहेरच्या श्रोत्यांजवळ मात्र ही पूर्वपीठिका नव्हती, आणि पहिल्या सादरीकरणाने ती पुरेशी उभी केली नाही, हेच त्या अपयशाचे मुख्य कारण मानावे लागते. त्याच वर्षी बर्लिनच्या परिषदेत पीट हंट यांनी आक्षेप टाळण्याऐवजी त्यालाच हात घातला: फाइली वेगळ्या केल्याने केवळ तंत्रे वेगळी होतात, जबाबदाऱ्या नव्हेत, असे त्यांनी प्रतिपादन केले. डिसेंबर २०१३ मध्ये डेव्हिड नोलेन यांनी क्लोजरस्क्रिप्ट या भाषेसाठी रिअ‍ॅक्टवर आधारलेले ओम हे साधन पुढे आणले. त्या भाषेत माहिती एकदा निर्माण झाली की बदलत नाही, त्यामुळे जुनी आणि नवी स्थिती ताडून पाहणे स्वस्त पडते आणि अशी तुलना करूनच पान बदलणारी रिअ‍ॅक्टची पद्धत तेथे चपखल बसते. हा समुदाय संख्येने लहान होता. पण त्याच्या मताला वजन होते, आणि मोठ्या सभेने नाकारलेली कल्पना या लहान गटाने उचलून धरल्यावर तिच्याकडे पुन्हा पाहिले जाऊ लागले.

इव्हान यू यांनी फेब्रुवारी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या व्ह्यूच्या पाठीशी कोणतीच मोठी कंपनी नव्हती. ते गूगलमध्ये असताना फावल्या वेळात उभे राहिलेले हे साधन एचटीएमएलच्या पानात एका स्क्रिप्टच्या ओळीने जोडता येत असे, त्यासाठी वेगळी बांधणीची यंत्रणा लागत नसे. सर्व्हरवर पीएचपीत पाने तयार करणाऱ्यांना नेमके हेच हवे होते: असलेले पान मोडायचे नव्हते, त्यातला एखादा तक्ता किंवा अर्जच सजीव करायचा होता. लॅराव्हेल या पीएचपी चौकटीचे कर्ते टेलर ओटवेल यांनी २०१५ मध्ये व्ह्यूची उघड वाखाणणी केली, त्या समुदायात त्याचे धडे तयार झाले, आणि २०१६ मध्ये लॅराव्हेलच्या ५.३ आवृत्तीत व्ह्यू सोबतच येऊ लागले. त्याच वर्षी यू यांनी तेव्हाची नोकरी सोडली आणि वापरकर्त्यांनी पॅट्रिऑनवर दरमहा दिलेल्या वर्गणीच्या आधारावर ते पूर्णवेळ व्ह्यूच्या कामाला लागले.