ईडनचे ओर्का आणि जिभेचा करार

ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय किनाऱ्यावर, न्यू साउथ वेल्स प्रांतात, टूफोल्ड बे नावाचा उपसागर आहे आणि त्याच्या काठी ईडन हे गाव. दर हिवाळ्यात अंटार्क्टिकेकडून उत्तरेच्या उबदार पाण्याकडे निघालेले हंपबॅक आणि राइट जातींचे देवमासे या किनाऱ्याजवळून जात. त्यांच्या मागावर ओर्का येत. ओर्का म्हणजे दातांचे, टोळीने शिकार करणारे मोठे डॉल्फिनच. याच पाण्यात माणूस आणि ओर्का पिढ्यान्‌पिढ्या एकत्र शिकार करत राहिले.

या भागीदारीची सुरुवात गोऱ्यांनी केली नाही. किनाऱ्यावरचे मूळ रहिवासी थावा लोक, यूइन समाजाची एक शाखा. ओर्का म्हणजे परत आलेले आपले पूर्वज, अशी त्यांची श्रद्धा होती. ओर्कांनी उथळ पाण्यात रेटलेला देवमासा किनाऱ्याला लागला की थावांना मांस मिळे. 1828 मध्ये थॉमस रेन याने इथे किनाऱ्यावरून देवमासे मारण्याचा तळ उभारला. पुढे 1840च्या दशकात बेंजामिन बॉइड या धनाढ्य व्यापाऱ्याने हा धंदा वाढवला. त्याच्याकडे काम करणारा चित्रकार ऑस्वाल्ड ब्रायर्ली याच्या रोजनिशीत ओर्कांच्या मदतीच्या नोंदी आढळतात. बॉइडचा डाव काही वर्षांतच बुडाला, पण शिकार थांबली नाही.

1860च्या दशकात अलेक्झांडर डेव्हिडसन हा स्कॉटिश सुतार या धंद्यात उतरला. त्याच्या कुटुंबाने कियाह नदीच्या मुखाशी तीन पिढ्या हे काम केले. होड्या वल्ह्यांच्या, भाले हाताने फेकायचे आणि खलाशांत थावा पुरुष मोठ्या संख्येने. ओर्कांशी कसे वागायचे हे त्यांनाच ठाऊक होते. पुढच्या सगळ्या कथांत डेव्हिडसनांचे नाव आधी येते. वास्तविक मान आधी या खलाशांचा.

कामाची रीत अशी होती. ओर्कांची टोळी उपसागराच्या तोंडाशी देवमाशाला गाठे. काही ओर्का त्याला खोल समुद्राकडे पळू देत नसत, काही खाली राहून बुडी मारू देत नसत. तेवढ्यात एखाददुसरा ओर्का नदीच्या मुखाशी येऊन शेपटीने पाण्यावर धडाधड फटके मारी. रात्र असली तरी तो आवाज ऐकताच माणसे होड्या लोटत. थकलेल्या देवमाशाला भाले मारून संपवले की प्रेताला नांगर आणि बोया बांधून ते तिथेच सोडून देत. ओर्का त्याची जीभ आणि ओठ खात, बाकीचे धड माणसांसाठी राही. एकदोन दिवसांनी पोटात वायू साठून बुडालेले धड वर येई, मग ते ओढून नेऊन मोठ्या कढयांत चरबी वितळवली जाई. या वाटणीला ‘जिभेचा कायदा’ म्हणत.

ओर्कांना नावे होती: हुकी, हंपी, स्ट्रेंजर. अनेक नावे मरण पावलेल्या थावा खलाशांची होती. सर्वांत प्रसिद्ध ओल्ड टॉम. भाल्याची दोरी दातांत धरून तो होडी ओढी, असे सांगतात. त्याचे काही दात खरोखरच झिजलेले आहेत. लोककथा त्याला ऐंशीच्या पुढचा ठरवते. दातांच्या थरांवरून संशोधकांनी काढलेले वय मात्र पस्तिशीच्या आसपास निघाले. तेव्हा जुन्या काळातले काही पराक्रम त्याच्या आधीच्या ओर्कांचे असावेत, असेच म्हणावे लागते.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नॉर्वेच्या वाफेवर चालणाऱ्या, तोफेने भाला मारणाऱ्या बोटी ऑस्ट्रेलियाच्या पाण्यात उतरल्या. देवमासे झपाट्याने घटले, तेलाचा भाव उतरला, ओर्कांचे येणे विरळ होत गेले. 1930च्या सप्टेंबरमध्ये ओल्ड टॉमचे प्रेत उपसागरात तरंगताना सापडले. त्याच सुमारास डेव्हिडसनांचा धंदाही संपला. टॉमचा सांगाडा ईडनच्या किलर व्हेल संग्रहालयात जपलेला आहे.

त्याच सांगाड्यातून मिळवलेल्या डीएनएचा अभ्यास 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. न्यूझीलंडच्या ओर्कांशी टॉमचे दूरचे नाते दिसले, पण आज तपासलेल्या ओर्कांत त्याचे थेट वंशज आढळले नाहीत. ईडनची ती टोळी नामशेष झाली असावी, असा संशोधकांचा निष्कर्ष आहे.