आकाशातली पाणीपाळी

कालव्याच्या पाण्यावर शेती करणाऱ्याला पाळी म्हणजे काय हे सांगायला नको. आवर्तन सुटते, पाटकरी शेजपाळी लावून देतो, आणि कोणाची पाळी सकाळी येते तर कोणाची रात्री दोनला. रात्रीची आली तर रात्री बांधावर उभे राहावे लागते. पाण्याचा हक्क कागदावर असतो खरा, पण चारीचे दार ठरल्या वेळेलाच उघडते.

आता तुम्ही म्हणाल, आज विमानांविषयी बोलायचे ठरले होते, हे पाटाचे पाणी मध्येच कुठून आले? तर मंडळी, तेच सांगतो आहे.

मुलाला परदेशी पोचवायला साताऱ्याहून किंवा नगरहून मुंबईला गेलेल्या आईबापांना एक अनुभव हमखास येतो. विमान मध्यरात्र उलटल्यावर सुटते. सगळे जग झोपले असताना ही यातायात कशासाठी, असे वाटते. याचे उत्तर पुष्कळदा मुंबईत नसते, दुसऱ्या टोकाला असते. गणित करून पाहा. लंडनच्या हीथ्रो विमानतळावर रात्रीच्या उड्डाणांना कडक मर्यादा आहेत, कारण आसपासच्या वस्तीला झोप हवी. समजा, एका कंपनीला तिथे सकाळी साडेसहाला उतरण्याची वेळ मिळाली आहे. प्रवास सुमारे दहा तासांचा. हिवाळ्यात लंडनचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, म्हणजे तिथले साडेसहा ते आपले दुपारचे बारा. तेव्हा मुंबईहून निघायला हवे रात्री दोनला. उन्हाळ्यात तिकडची घड्याळे एक तास पुढे सरकवतात. मग तीच वेळ गाठायला विमानाने मुंबई एक वाजताच सोडली पाहिजे. आपले घड्याळ जागचे हलत नाही, पण गाडी मात्र तासभर अलीकडे येते!

उतरण्याच्या किंवा उडण्याच्या अशा ठरवून दिलेल्या वेळेला स्लॉट म्हणतात. आपण पाळीच म्हणू.

याची कथा महायुद्धाच्या अखेरीस सुरू होते. १९४४ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात अमेरिकेतील शिकागो शहरी अनेक राष्ट्रांची परिषद भरली. ७ डिसेंबरला करार झाला. प्रत्येक राष्ट्राचे आपल्या डोक्यावरील आकाशावर पूर्ण स्वामित्व आहे, आणि परक्या देशाच्या विमानाला नियमित ये-जा करायची तर परवानगी लागेल, असे त्यात ठरले. म्हणून दोन-दोन देश आपसांत करार करू लागले. १९४६ साली ब्रिटन आणि अमेरिका यांनी बर्म्युडा बेटावर केलेला करार पुढे पुष्कळांनी नमुना म्हणून वापरला. या कागदांत मार्ग होते, कंपन्या होत्या. विमानतळावरची नेमकी घटका मात्र सरकारांनी वाटून घेतली नव्हती. तेव्हा त्याची गरजही नव्हती. हीथ्रो १९४६ साली नागरी वाहतुकीला खुले झाले, तेव्हा उतारूंना तंबूंत बसवीत. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून कैरो, जिनिव्हा या मार्गाने लंडनला निघाले, त्या काळी पाळीसाठी भांडण होईल असे कोणाच्या स्वप्नातही आले नसेल.

पुढे जेट विमाने आली, उतारू वाढले आणि चारी अपुरी पडू लागली. धावपट्टीवर एका वेळी एकच विमान उतरते. अमेरिकेने १९६८ साली नियम काढून न्यूयॉर्क, शिकागो, वॉशिंग्टन अशा ठिकाणच्या पाच गजबजलेल्या विमानतळांवर तासाला किती विमाने ही मर्यादा घातली. बाकीच्या जगात विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या बैठका भरू लागल्या. वर्षातून दोनदा, उन्हाळी आणि हिवाळी वेळापत्रकासाठी, कंपन्यांची माणसे एकत्र जमतात आणि पाळ्यांची अदलाबदल करतात. कारण मुंबईची वेळ मिळाली आणि लंडनची नाही मिळाली, तर त्या वेळेचा उपयोग काय? दोन्ही दारे जुळली पाहिजेत.

पाळी द्यायची कोणाला? इथे जुना न्याय लागला, वहिवाटीचा. गेल्या उन्हाळ्यात ज्याने सोमवारची सकाळची वेळ वापरली, त्यालाच ती यंदा. फक्त अट अशी की, हंगामातील शंभरातल्या ऐंशी वेळा तरी ती वापरलेली हवी. तीस आठवड्यांचा हंगाम धरला तर चोवीस वेळा. कमी भरले तर पाळी गेली. युरोपीय समुदायाने १९९३ साली हे नियम कायद्यात आणले आणि परत आलेल्या पाळ्यांतील निम्म्या प्रथम नवख्यांना द्याव्यात असेही लिहिले. ऐकायला हे आपल्या कसेल त्याच्या जमिनीसारखे वाटते. पण माझ्या मते फरक मोठा आहे. परत येतात त्या बहुधा कोणाला नको असलेल्या वेळा. सकाळच्या सोन्यासारख्या घटका जुन्या घरातच राहतात.

आणि जे दुर्मिळ, त्याचा बाजार होतो. ब्रिटिशांच्या ताब्याखालच्या गर्न्सी नावाच्या चिमुकल्या बेटाची गोष्ट ऐका. एका कंपनीने हीथ्रो-गर्न्सी सेवा बंद केली आणि त्या पाळ्या दुसऱ्या कंपनीशी बदलून घेतल्या, वर पैसेही घेतले. बेटाचे शासन लंडनच्या उच्च न्यायालयात गेले. १९९९ साली न्यायालयाने निकाल दिला की, पैसे घेऊन केलेली अदलाबदलही चालेल. त्या निकालाने बेटवाल्यांना हीथ्रोशी असलेला दुवा काही परत मिळाला नाही. २००८ साली युरोप-अमेरिका करार मोकळा झाला, हीथ्रोहून अमेरिकेला जाण्याची मुभा मोजक्या कंपन्यांपुरती राहिली नाही. दार उघडले, पण आत जागा कुठे होती? काँटिनेंटल या अमेरिकी कंपनीला पाळ्यांच्या चार जोड्यांसाठी २० कोटी ९० लाख डॉलर मोजावे लागले. २०१६ साली ओमान एअरने एका जोडीसाठी साडेसात कोटी डॉलर दिल्याचे वृत्त होते. लहान देशाच्या कंपनीजवळ करार आहे, विमान आहे, उतारूही आहेत; पण एवढी रक्कम ती आणणार कोठून?

वहिवाटीचा हट्ट कोठवर जातो हे २०२० साली दिसले. कोरोनाच्या साथीने उतारू घरी बसले, तरी पाळी जाऊ नये म्हणून युरोपात काही विमाने जवळजवळ रिकामी उडाली. पिकात कोणी नाही आणि पाणी मात्र सोडून दिले, असा तो प्रकार. मार्चमध्ये युरोपीय संघाला ऐंशी टक्क्यांची अट तात्पुरती उठवावी लागली.

आपल्याकडचे उदाहरण जेट एअरवेजचे. मुंबईतली ही मोठी कंपनी १७ एप्रिल २०१९ रोजी थांबली. मुंबई आणि दिल्लीच्या तिच्या पाळ्या सरकारने इतरांना दिल्या, म्हणायला तात्पुरत्या. नव्या मालकांनी कंपनी उभी करायचे ठरवले तेव्हा जुन्या वेळांवर पूर्वीचा हक्क सांगता येणार नाही, असे सरकारने न्यायाधिकरणाला कळवले. ती विमाने नियमित सेवेत पुन्हा आलीच नाहीत; नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनी मोडीत काढण्याचा आदेश दिला. सरकारचे म्हणणे समजण्यासारखे आहे, बरं का. उभे पीक जळत असताना पाटकरी बंद मळ्यासाठी पाणी राखून ठेवील का? पण नोकरी गेलेल्या हजारो माणसांच्या घरून पाहिले, तर तोच नियम वेगळा दिसतो.

मुंबईच्या जुन्या विमानतळावर दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदून जातात, म्हणून दोन असूनही काम जवळजवळ एकीचेच होते. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी पनवेलजवळ उलवे येथे नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. तिथली वही कोरी, जुनी वहिवाट कोणाचीच नाही. मग लंडनचे विमान तिथून दिवसाढवळ्या सुटेल काय, असे एका शिक्षकमित्राने मला विचारले. मी त्यांना वरचेच गणित मांडून दाखवले. लंडनची पाळी सकाळी साडेसहाची असेल, तर उलव्याहूनही हिवाळ्यात रात्री दोनलाच निघावे लागेल.