थायरॉईडची गोळी चालू आहे? रिपोर्ट नॉर्मल आला तरी मनानं बंद करू नका

"रिपोर्ट नॉर्मल आला, मग गोळी कशाला खायची?" गावोगाव हे हमखास ऐकायला मिळतं. पण रिपोर्ट नॉर्मल आला तो गोळीमुळंच. हे ध्यानात न आल्यानं बरेच जण गोळी सोडतात आणि काही महिन्यांनी पुन्हा आजारी पडतात.

आजार काय आहे?

गळ्यात पुढच्या बाजूला, कंठाच्या खाली फुलपाखराच्या आकाराची थायरॉईड ग्रंथी असते. तिच्यातून निघणारं हार्मोन शरीराची गती ठरवतं. ते कमी पडलं की सगळंच मंदावतं. थकवा, थंडी जास्त वाजणं, वजन वाढणं, बद्धकोष्ठता, कोरडी कातडी, केस गळणं, घोगरा आवाज, तोंडावर सूज, पाळीत जास्त रक्त जाणं ही लक्षणं दिसतात.

पुरुषांपेक्षा बायकांना हा आजार कितीतरी जास्त होतो. पण घरात "कामानं दमली असेल" म्हणून विषय संपतो. रक्त कमी असलं तरी असाच थकवा येतो, त्यामुळं अंदाजावर न राहता तपासणी करावी.

बहुतेक वेळा शरीराची रोगप्रतिकारशक्तीच चुकून या ग्रंथीवर हल्ला करते. ग्रंथीचं ऑपरेशन, काही औषधं किंवा आयोडीनची कमतरता हीसुद्धा कारणं आहेत.

रिपोर्ट कसा वाचायचा?

मुख्य तपासणी टीएसएचची. टीएसएच म्हणजे मेंदूकडून थायरॉईडला जाणारा कामाचा हुकूम. ग्रंथी ढिली पडली की हुकूम वाढतो. म्हणजे टीएसएचचा आकडा जास्त, तर थायरॉईडचं काम कमी. लोक याला "थायरॉईड वाढला" म्हणतात आणि तिथंच घोळ होतो. साधारण ०.४ ते ४ हा आकडा नॉर्मल धरतात, लॅबप्रमाणं थोडा फरक पडतो. आकडा थोडाच वाढला असेल तर सगळ्यांनाच गोळी लागत नाही, ते डॉक्टर ठरवतात.

गोळी सोडली तर लगेच त्रास का होत नाही?

गोळीतलं हार्मोन रक्तातून निम्मं व्हायलाच साधारण आठवडा लागतो. त्यामुळं गोळी सोडल्यावर सुरुवातीला काहीच जाणवत नाही. "बंद केली, तरी बरं आहे" असं वाटतं. थकवा, सूज मागाहून हळूहळू येते. बाळंतपणानंतर काही जणींना हा त्रास काही महिन्यांपुरताच असतो, पण बहुतेकांना गोळी कायमची लागते.

गोळी कशी घ्यावी?

- सकाळी उठल्यावर, उपाशीपोटी, साध्या पाण्यासोबत घ्या. चहासोबत नको. चहा-नाश्ता अर्ध्या ते एका तासानं.
- लोहाची आणि कॅल्शियमची गोळी किमान ४ तासांनी. या गोळ्या सोबत घेतल्या तर थायरॉईडची गोळी अंगी लागत नाही.
- उपवास असला तरी गोळी चुकवू नका.
- एखाद्या दिवशी विसरलात तर आठवल्यावर घ्या. मनानं डोस वाढवू नका. जास्त डोसानं छातीत धडधड होते, हाडं ठिसूळ होतात.
- गोळ्या चुलीजवळ, तापलेल्या पत्र्याखाली किंवा ओलीत ठेवू नका.
- डोस बदलल्यावर ६ ते ८ आठवड्यांनी टीएसएच तपासा. आकडा स्थिरावला की ६ ते १२ महिन्यांनी. त्या दिवशी रक्त दिल्यावर गोळी घ्या.

आहार

आयोडीनयुक्त मीठ वापरा आणि बरणी झाकून ठेवा. शिजवलेली कोबी, फ्लॉवर नेहमीसारखी खायला हरकत नाही. सोयाबीनचे पदार्थ मात्र गोळीच्या वेळेपासून लांब ठेवा. "थायरॉईड मुळासकट घालवतो" म्हणणाऱ्या चूर्णाच्या नादी लागून गोळी सोडू नका.

गरोदरपणात जास्त जपा

पहिल्या तीन महिन्यांत पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ आईच्या हार्मोनवर अवलंबून असते. गोळी चालू असलेल्या बाईनं दिवस गेल्याचं कळताच डॉक्टरांना सांगावं, कारण बहुतेकींचा डोस वाढवावा लागतो. गरोदरपणात गोळी बाळाला सुरक्षित आहे. सोडली तर गर्भपाताचा आणि वेळेआधी बाळंतपणाचा धोका वाढतो. याच काळात लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्याही चालू असतात. तीन्ही गोळ्यांच्या वेळा आशाताईंकडून कागदावर लिहून घ्या.

ऊसतोडीला जाणाऱ्यांनी

निघण्याआधी टीएसएच तपासून घ्या. हंगाम पुरेल एवढ्या गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवा. ही गोळी जनऔषधी केंद्रातही मिळते. पण कंपनी बदलली तर डॉक्टरांना सांगा.

ताबडतोब दवाखाना गाठा

थायरॉईडचा माणूस गुंगीत जात असेल, अंग गार पडलं असेल, बोलणं असंबद्ध झालं असेल किंवा श्वास मंदावला असेल तर सकाळची वाट बघू नका. १०८ ला फोन करा आणि गोळी किती दिवसांपासून बंद आहे ते डॉक्टरांना खरं सांगा.

(ही माहिती सर्वसाधारण आहे. गोळी सुरू करणं, बंद करणं, डोस बदलणं हे डॉक्टरांच्या सल्ल्यानंच करावं.)