तीन वैमानिक, तीन वाटा

१९३० साल म्हटलं की शाळेच्या पुस्तकात मिठाचा सत्याग्रह येतो, आणि तो यायलाच हवा. मीही इतकी वर्षं तोच शिकवला. ६ एप्रिलला दांडीला मीठ उचललं, मेच्या सुरुवातीला गांधीजींना अटक झाली, तारखा मुलांकडून घोकून घेतल्या. पण त्याच एप्रिल-मे महिन्यात आपल्या डोक्यावरच्या आकाशात एक वेगळीच शर्यत चालू होती, हे मला निवृत्त झाल्यावर कळलं. पुस्तकात नव्हतं, म्हणून वर्गातही आलं नाही.

झालं असं, की १९२९ च्या नोव्हेंबरात आगाखानांनी एक बक्षीस जाहीर केलं. इंग्लंड ते हिंदुस्थान किंवा हिंदुस्थान ते इंग्लंड, कुठूनही निघा, पण एकट्याने विमान चालवत ठरलेल्या मुदतीत पोहोचायचं. जो पहिला हिंदी माणूस हे करील त्याला पाचशे पौंड. तिघे जण पुढे आले. एक रावळपिंडीचा मनमोहन सिंग (आपले पंतप्रधान झाले ते नव्हेत, नाव तेवढं तेच!). दुसरा अ‍ॅस्पी इंजिनियर, वय वर्षं सतरा. हो, सतरा! आणि तिसरे पंचवीस वर्षांचे जे. आर. डी. टाटा, ज्यांच्याकडे फेब्रुवारी १९२९ मध्ये मिळालेला, हिंदुस्थानात दिलेला पहिल्या क्रमांकाचा वैमानिक परवाना होता.

तिघांकडे विमान एकाच जातीचं, जिप्सी मॉथ. उघड्यावर बसायचं, तोंडावर वारा, रेडिओ नाही, मांडीवर नकाशा. मनमोहन सिंगने आपल्या विमानाचं नाव ठेवलं होतं ‘मिस इंडिया’. वाट चुकणं, मधेच उतरावं लागणं, पुन्हा निघणं, असा त्याचा प्रवास चालला होता. तेव्हा विलायतेतल्या एका विमानविषयक पत्राच्या संपादकाने शब्दावर कोटी केली, की नाव बरोबरच आहे, हा इंडिया नक्की ‘मिस’ करणार! तसं झालं नाही. तो कराचीला पोहोचला, पण मुदत टळून गेली होती. बक्षीस गेलं.

उरले दोघे. अ‍ॅस्पी इंग्लंडहून निघाला, जेआरडी ३ मे रोजी कराचीहून. दोघांची गाठ पडली इजिप्तमध्ये, अलेक्झांड्रियाजवळच्या अबुकीरला. अ‍ॅस्पी तिथे अडकून पडला होता, कारण त्याच्या इंजिनाला स्पार्क प्लग हवे होते आणि ते मिळत नव्हते. जेआरडींनी आपल्याजवळचे जादा प्लग त्याला देऊन टाकले. त्याने बदल्यात आपलं पोहण्याचं जाकीट त्यांना दिलं, कारण जेआरडींना पुढे समुद्र ओलांडायचा होता. मग दोघे दोन दिशांना उडाले. अ‍ॅस्पी ११ मे रोजी कराचीला उतरला आणि जेआरडी लंडनला पोहोचण्याआधी काही तास जिंकला.

ही गोष्ट सांगणारे बहुधा इथेच थांबतात आणि खिलाडूपणाचं कौतुक करतात. कौतुक आहेच. पण मला उत्सुकता असते ती पुढची. निकाल लागला, टाळ्या वाजल्या, आता या तिघांनी पोटासाठी किंवा आयुष्यासाठी काय करायचं? विमान चालवता येतं, बरं मग?

कारण तोवर हिंदी माणसाने वैमानिक ‘होणं’ म्हणजे काय, हेच ठरलेलं नव्हतं. पहिल्या महायुद्धात इंद्रलाल रॉय हा बंगाली मुलगा ब्रिटिशांच्या बाजूने लढला, दहा विमानं पाडली आणि जुलै १९१८ मध्ये विशी गाठण्याआधीच मेला. हरदितसिंग मलिक लढून जिवंत परतले, पण शांततेच्या काळात हवाई दलातली अधिकाऱ्याची जागा हिंदी माणसाला मिळणार नव्हती. ते आयसीएस झाले आणि पुढे फ्रान्समध्ये आपले राजदूत. म्हणजे देशातला अनुभवी वैमानिक कचेरीत फायली बघत बसला!

अ‍ॅस्पीचं नशीब असं, की तो जिंकला आणि दारही त्याच वर्षी उघडलं. सैन्यातल्या हिंदी अधिकाऱ्यांबद्दल स्कीन समितीने केलेल्या शिफारसींनंतर सप्टेंबर १९३० मध्ये इंग्लंडमधल्या क्रॅनवेलच्या हवाई दल महाविद्यालयात पहिले हिंदी विद्यार्थी दाखल झाले. त्यांच्या मागोमाग अ‍ॅस्पीही तिथे गेला. जेआरडींनी पुढे म्हटलं होतं, की तो जिंकला याचा आनंदच आहे, त्यामुळे त्याला हवाई दलाची वाट मिळाली. ८ ऑक्टोबर १९३२ ला हिंदी हवाई दल कागदावर आलं आणि १ एप्रिल १९३३ ला कराचीच्या ड्रिग रोडवर पहिलं पथक उभं राहिलं. वापिटी नावाची जुनाट विमानं, मूठभर अधिकारी. त्यांत सुब्रतो मुखर्जी होते आणि थोड्याच काळात अ‍ॅस्पी आले.

इथे विमान सरकारचं, पेट्रोल सरकारचं, गणवेश आणि पगारही सरकारचा. पण उडायचं कुठे, तेही सरकार सांगणार. ही विमानं वायव्य सरहद्दीवर पठाणी टोळ्यांविरुद्ध वापरली जात. म्हणजे खाली स्वातंत्र्याची चळवळ चालू असताना वर आपली हुशार मुलं इंग्रजांच्या हुकुमाने टोळीवाल्यांवर झेप घेत होती. त्यांना दोष द्यावासा मला वाटत नाही. पुढे १९४७ मध्ये काश्मीरच्या वेळी देशाला तयार हवाई दल मिळालं ते याच मुलांमुळे. पण नोकरीची ही बाजू होती, आणि ती त्यांनाही ठाऊक असणार. अ‍ॅस्पी टिकून राहिले. मुखर्जी १९६० च्या नोव्हेंबरात टोकियोत अचानक वारले आणि १ डिसेंबरपासून एअर मार्शल अ‍ॅस्पी इंजिनियर हवाई दलाचे प्रमुख झाले. स्पार्क प्लगवाचून अडलेला मुलगा, तीस वर्षांनी! १९६२ चं चीन युद्ध त्यांच्याच कारकिर्दीत झालं. लढाऊ विमानं त्या युद्धात वापरली गेली नाहीत, आणि त्या निर्णयावर अजून वाद चालतात. इथेही तेच, विमानं उडवायची की नाही हे प्रमुखाच्याही हातात नव्हतं.

जेआरडींची वाट वेगळी, आणि खरं सांगायचं तर ती सर्वांना मोकळी नव्हती. आडनाव टाटा होतं. तरीही गंमत अशी, की कल्पना त्यांची नव्हती. नेव्हिल व्हिन्सेंट नावाचा ब्रिटिश हवाई दलातून बाहेर पडलेला वैमानिक हिंदुस्थानात गावोगावी लोकांना विमानाच्या फेऱ्या मारून पैसे मिळवत होता (जत्रेतल्या पाळण्यासारखंच म्हणा ना). त्याच्या डोक्यात टपाल विमानाने नेण्याची योजना आली. कारण १९२९ पासून इंपीरियल एअरवेज लंडनचं टपाल कराचीपर्यंत विमानाने आणत होती आणि पुढे तेच टपाल रेल्वेने रखडत येत होतं. व्हिन्सेंटकडे योजना होती, पैसा नव्हता. जेआरडींकडे इच्छा होती, पण कंपनीची तिजोरी दोराबजींच्या हाती. जॉन पीटरसन यांनी दोराबजींचं मन वळवलं आणि दोन लाख रुपये मिळाले. सरकारकडे मदत मागून झाली, ती मिळाली नाही.

१५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी पुस मॉथ विमानात टपालाच्या पिशव्या घेऊन कराचीहून निघाले. अहमदाबादला उतरले, तिथे पेट्रोलचे डबे बैलगाडीवरून आले होते. मग जुहू. तिथून व्हिन्सेंटने टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेलं. जुहूची धावपट्टी म्हणजे मातीचं मैदान, पावसाळ्यात पाण्याखाली. म्हणून पावसाळ्यात सगळं बिऱ्हाड पुण्याला येरवड्याच्या मैदानावर हलवायचं. (येरवडा म्हटलं की आम्हा पुणेकरांना दुसरंच काहीतरी आठवतं, पण तिथे टपालाची विमानंही उतरत, हे लिहून ठेवा.) जेआरडी, व्हिन्सेंट आणि होमी भरूचा असे तीन वैमानिक, दोन विमानं, थोडे मेकॅनिक, बस्स. पहिल्या वर्षात १,६०,००० मैल उडाले, प्रवासी नेले अवघे १५५ आणि नफा झाला ६०,००० रुपये. प्रवासी टपालाच्या पिशव्यांशेजारी अंग चोरून बसत. या नोकरीत शौर्यपदकं नाहीत. रोज तीच वाट, खाली रेल्वेचे रूळ आणि किनारा बघत, वेळेवर पोहोचायचं. मला हे काम फार आवडतं. आमच्या शिक्षकीसारखं आहे, तोच धडा दरवर्षी, आणि तो चुकवायचा नाही.

आणि मनमोहन सिंग? पराभूताकडे कुणी बघत नाही म्हणून मी मुद्दाम त्याच्याबद्दल मिळेल ते वाचलं. मिळालं थोडंच. १९३० च्या दशकात तो इंग्लंडहून एकटा दक्षिण आफ्रिकेपर्यंत उडाला. मग पतियाळाच्या महाराजांचा मुख्य वैमानिक झाला. तेव्हा संस्थानिकांना विमानं बाळगण्याचा शौक लागला होता, आणि ही तिसरी वाट होती. विमान महाराजांचं, मर्जीही महाराजांची. युद्ध सुरू झाल्यावर तो हवाई दलाच्या स्वयंसेवक राखीव दलात गेला आणि पाण्यावर उतरणारी मोठी विमानं चालवू लागला. ३ मार्च १९४२ ला ऑस्ट्रेलियाच्या वायव्य किनाऱ्यावर ब्रूम बंदरात अशी विमानं नांगरून ठेवली होती. जावातून निसटलेल्या बायकामुलांनी त्यांतली कित्येक भरलेली होती. जपानी विमानांनी वरून गोळीबार केला. मनमोहन सिंग त्यात गेला. हवेत नव्हे, उभ्या विमानावर झालेल्या हल्ल्यात. फार मोठी ओहोटी आली की त्या विमानांचे सांगाडे अजून तिथल्या उपसागराच्या चिखलात दिसतात म्हणे.

त्याच १९४२ साली व्हिन्सेंटही गेला. टाटांच्या विमान कारखान्याच्या कामासाठी तो इंग्लंडला गेला होता. परतताना ज्या विमानात बसला ते आलंच नाही. त्या दिवशी तो चालक नव्हता, प्रवासी होता.

हे सगळं आत्ता उकरून काढण्याचं कारण घरात आहे. माझ्या नातीने बारावी झाल्यावर जाहीर केलं, मला वैमानिक व्हायचंय. तेव्हापासून आमच्या जेवणाच्या टेबलावर दोन पक्ष आहेत. मुलगा म्हणतो, व्यावसायिक परवाना काढ, दोनशे तासांचं उड्डाण पूर्ण केलं की एअरलाइनचं दार. त्याला चाळीस-पन्नास लाख लागतात, आणि तो तळेगावचा प्लॉट विकायला निघालाय. सूनबाई म्हणतात, हवाई दलात जा, पैसे लागत नाहीत, उलट पगार मिळतो. त्यावर मुलगा म्हणतो, आणि युद्ध झालं तर? मग सगळे गप्प. कर्ज काढून परवाना मिळवलेली आणि नोकरीची वाट बघत बसलेली मुलंही आम्ही पाहिली आहेत. विमान कंपन्या बुडतात, २०१९ मध्ये जेट बंद पडली तेव्हा गणवेशातले वैमानिक रस्त्यावर आलेले टीव्हीवर दिसले होते.

माझं मत कुणी विचारलं नाही, तरी मी दिलं. नातीला म्हटलं, चांगलं कुठलं हे विचारू नकोस. तुझ्या उडण्याचे पैसे कोण भरणार आणि बदल्यात काय मागणार, ते विचार. हवाई दल पैसे भरेल आणि तुझी वर्षं मागेल, अल्पकालीन भरतीतसुद्धा चौदा. शिवाय प्रसंगी जीव. बाबा पैसे भरेल आणि काही मागणार नाही, पण प्लॉट गेलेला असेल. ती म्हणाली, आजी, तू फारच स्पष्ट बोलतेस.

एक मात्र तिला आवर्जून सांगितलं, की हे दोन पक्ष पडण्याचं सुख तिच्या आधीच्या बायकांना नव्हतं. प्रेम माथूर यांनी १९४७ मध्ये व्यावसायिक परवाना मिळवला, तरी एकामागून एक कंपन्यांनी नकार दिला. शेवटी हैदराबादच्या डेक्कन एअरवेजने घेतलं. दुर्बा बॅनर्जींना वैमानिकाची नोकरी मागितल्यावर आधी हवाई सुंदरी व्हायचं सुचवलं गेलं. त्या अडून बसल्या आणि १९६६ मध्ये इंडियन एअरलाइन्समध्ये वैमानिक म्हणून रुजू झाल्या. आपल्या सौदामिनी देशमुखांनी १९८५ मध्ये सर्व महिला कर्मचारी असलेलं प्रवासी विमान कोलकात्याहून सिल्चरला नेलं. हवाई दलाने मुलींना वैमानिक म्हणून १९९४ मध्ये घेतलं, लढाऊ विमानांवर २०१६ मध्ये, आणि खडकवासल्याच्या प्रबोधिनीत मुलींची पहिली तुकडी आली ती २०२२ मध्ये. म्हणजे सूनबाईंचा पक्ष तसा ताजाच आहे!

असो. जेआरडींचं राहिलं. टाटा एअरलाइन्सची एअर इंडिया झाली, १९५३ मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली, तरी अध्यक्ष तेच राहिले. १९७८ च्या फेब्रुवारीत मोरारजींच्या सरकारने त्यांना काढलं. त्यांच्या जागी आणलं कुणाला? निवृत्त एअर चीफ मार्शल पी. सी. लाल यांना, म्हणजे अ‍ॅस्पींच्याच वाटेवरून आलेल्या माणसाला. आणि ही बातमी जेआरडींना सरकारकडून नव्हे, तर खुद्द लाल यांच्याकडून कळली. बिचाऱ्या लालांना किती अवघड गेलं असेल तो फोन करणं! चार वर्षांनी, १५ ऑक्टोबर १९८२ ला, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे जेआरडी जुन्या लेपर्ड मॉथमध्ये बसून पुन्हा एकदा कराचीहून मुंबईला एकटे उडत आले आणि जुहूला उतरले. त्या दिवशी त्यांना कुणी पगार देत नव्हतं, कुणी हुकूम केला नव्हता.

नातीने अजून काही ठरवलेलं नाही. तिला चष्म्याचा थोडा नंबर आहे, आणि हवाई दलाचे डोळ्यांचे निकष कडक असतात. शनिवारी तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन जायचंय. तोवर प्लॉटच्या दलालाला थांबायला सांगितलं आहे.