ट्रान्सफॉर्मर बदलला, मग अॅम्प्लिफायर तोच का?

1959 साली अमेरिकेत डायनाको कंपनीचा 'स्टीरिओ 70' आला. व्हॉल्व्हवर चालणारा, दर चॅनेलला 35 वॉटचा. बहुतेकांनी सुटे भाग विकत घेऊन तो घरीच जोडला; म्हणूनच तो स्वस्त पडला आणि लाखांनी खपला.

आज असा संच दुरुस्तीला येतो, तेव्हा अनेकदा पॉवर ट्रान्सफॉर्मर गेलेला असतो. का? तो मुळातच खूप तापायचा. रचना 117 व्होल्टची, आणि आता तिथल्या घरात 120 किंवा जास्तच येतात. त्यात जुना फिल्टर कंडेन्सर शॉर्ट झाला, की वाइंडिंग जळतं. म्हणजे नुसता ट्रान्सफॉर्मर बदलून भागत नाही. आधी कंडेन्सर बदला, फ्यूज तपासा. मग व्हॉल्व्हच्या फिलामेंटला 6.3 व्होल्ट मिळतात ना, ते मोजा.

मग हा संच 'मूळचा' राहिला का? माझ्या मते, राहिला. आवाज घडवण्यात मोठा वाटा आउटपुट ट्रान्सफॉर्मरांचा, ते जपा. शिवाय ज्याचा जन्मच ग्राहकाच्या हातून झाला, त्याची दुरुस्ती हाही त्याच्या इतिहासाचाच भाग. फक्त जळका ट्रान्सफॉर्मर भंगारात देऊ नका. बदलाची तारीख लिहून तो जपून ठेवा. उद्याच्या अभ्यासकाला तोच पुरावा आहे.